शांत ती थोरली

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या दोन्ही बाळांचे मोजे काढले आणि सासूबाईंच्या शेजारी उभी असलेली सून पुढे वाकली. दोघींच्याही डाव्या पायाच्या अंगठ्यावर लाल नेलपॉलिश होतं.

ते फक्त थोरलीला असायचं. आठ महिन्यांच्या या जुळ्या मुली इतक्या सारख्या होत्या की दुसरी खूणच नव्हती. पुसट व्हायच्या आत पुन्हा लावायचं, हा घरातला नियम. गेल्या आठवड्यात धाकटीला ताप होता म्हणून लस एकट्या थोरलीला टोचली होती. आज धाकटीचा नंबर.

"यातली धाकटी कोण?" डॉक्टरीणबाईंनी सुई भरत विचारलं.

"रडतेय ती," सासूबाई लगेच म्हणाल्या. "थोरली शांत, माझ्या लेकावर गेलीय. धाकटीने आईकडचा गळा उचललाय."

"आई, जनुकं दोघींची एकच आहेत," सून शंभराव्यांदा म्हणाली. "एकीला तुमचं घराणं, एकीला माझं, असं वाटप होत नसतं."

"मग एक गप्प नि एक भोंगा, हे कसं गं?"

गेले आठ महिने सून स्वतःच वहीत टिपत होती: थोरली शांत, धाकटी किरकिरी.

तेवढ्यात गप्प होती तिनेही सूर लावला. आता टेबलावर दोन धाकट्या होत्या.

"नेलपॉलिश कुणी लावलं?" सुनेने दात आवळून विचारलं.

"मी," मागे उभा असलेला नवरा म्हणाला. "सकाळी. पार निघालं होतं."

"मीही लावलं की," सासूबाई म्हणाल्या. "आंघोळीनंतर. थोरलीलाच."

"निघालं होतं, तर थोरली ओळखलीत कशी?"

"शांत पडली होती ना."

नवऱ्याने मान डोलावली. "मीपण तसंच ओळखतो."

"ओळखतो म्हणजे? आजवर कितीदा?"

"चार-पाच दिवसांनी निघतंच गं ते. तुला कशाला उगाच टेन्शन द्यायचं?"

सुनेने मनात हिशेब मांडला. म्हणजे दर चार दिवसांनी जी गप्प सापडेल ती थोरली होत होती. वहीत आठ महिने तिने नेलपॉलिशचा स्वभाव लिहून ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या मांड्या चाचपल्या. "हिला लशीची गाठ आहे अजून. हिला टोचलंय." ही म्हणजे जास्त जोरात रडत होती ती. दुसरीला सुई टोचली. ती क्षणभर कळवळली आणि बोट चोखत गप्प झाली.

बाहेरच्या बाकावर सुनेने पर्समधून रिमूव्हर काढून त्या गप्प मुलीचा अंगठा लख्ख पुसला. मग भोंगा उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"गेल्या आठवड्यात टोचली ती थोरली. फाइलीत तसंच लिहिलंय. घ्या, तुमच्या लेकावर गेलीय."

सासूबाईंनी त्या आक्रोश करणाऱ्या नातीला खांद्यावर घेतलं.

"याला रडणं नाही म्हणत गं," त्या म्हणाल्या. "आवाज खणखणीत आहे. आमच्याकडचाच."