नागोजी अण्णांची तपासणी

आमच्या जनरल मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात नागोजी अण्णांनी नवरदेवाला पुढून बघितलं, मागं जाऊन बघितलं आणि मुलीच्या बापाला शांतपणे कळवलं, "सरी, ठीक. डावा खांदा स्वल्प उतरता हाय. चालंल." अक्षता पडून गेल्या होत्या, तरी निकाल अजून आपल्याच हातात आहे असा त्यांचा समज.

नव्वदच्या दशकात बंगलोरच्या एका मशीनच्या कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होते आणि अण्णा इन्स्पेक्शनला. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, खोट दिसली की तिथे निळ्या खडूनं गोल काढून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. पण सुट्टीचा भोंगा झाला तरी ते काही थांबत नसे. कँटीनची इडली ते आधी दाबून बघत. बसवनगुडीतल्या शेंगांच्या जत्रेत एकेक शेंग कानाशी हलवून बघत, विकणारी बाई हात जोडेपर्यंत. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे येऊन राहिलेलं, आणि मी लग्न होऊन पुण्याहून आलेली. त्यामुळे माझं मराठीही तपासणीतून सुटलं नाही. "अक्का, गुळगुळीत हाय, पण आत पोकळ," म्हणाले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी अक्का! पुढे बरेच दिवस मी त्यांच्याशी कानडीतच बोलले, मुद्दाम.

तर झालं असं, की मशीनवरच्या माणसांच्या अंगावर सारखं तेल उडतं, कपडे त्यात भिजतात आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, हे कुणीतरी वरच्या साहेबांच्या डोक्यात घातलं. लगेच सगळ्यांची कातडी तपासायला बाहेरून एक डॉक्टर बोलावले आणि सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात मारली. कॅन्सरचं नाव ऐकल्यावर कारखान्याच्या दवाखान्याकडे कुणी फिरकेना. शेवटी मी अण्णांना मध्ये घातलं. त्यांचा शब्द मशीनशॉपमध्ये कुणी मोडत नसे.

त्यांनी पाऊण शॉप उघड्या अंगानं रांगेत उभं केलं. मी बाईमाणूस, लांब व्हरांड्याच्या टोकाला तोंड फिरवून बसले. थोड्या वेळानं डॉक्टर तणतणत बाहेर आले. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगावर निळे गोल होते! डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून अण्णांनी रांगेतच खोट शोधून ठेवली होती. त्यात डास चावलेले होते, घामोळं होतं आणि झाडून सगळ्यांच्या दंडावरच्या देवी टोचल्याच्या खुणा होत्या. एवढ्यांना एकाच जागी खोट म्हणजे मूळ साच्यातच गडबड असणार, असं अण्णांनी डॉक्टरांना समजावूनही सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि ओला कापूस शोधायला धावले.

अण्णांच्या एकाही गोलात काही निघालं नाही. सगळे सुखरूप सुटले, आणि मग मी अण्णांना आत जायला सांगितलं. तर म्हणे, माझं झालंय, मी रोज आरशात बघतो. माझं डोकंच फिरलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी चार माणसांत ऐकवलं. ते मुकाट्यानं आत गेले.

दार अर्धवट उघडं होतं. पाठीवरचा हा काळा डाग कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी कानडीत विचारलं. घरी कुणाच्या लक्षात नाही आला का, असंही विचारलं.

"शनिवारी ती पाठीला तेल लावायची," अण्णा म्हणाले. "तवा नव्हता. पुढचं मला कसं ठाऊक असणार?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लांब सासरी. हे सगळ्यांना माहीत होतं, पण माणूस एकटा पडला की त्याची पाठ कोण बघणार, हे काही माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

डाग कॅन्सरचाच निघाला. नशीब, वेळेत सापडला होता. मोठ्या हॉस्पिटलात तो मुळासकट काढला. पण असा दुसरा येऊ शकतो, तेव्हा दर महिन्याला घरच्या कुणीतरी पाठ नीट बघायची, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णा कामावर आले ते गप्प गप्पच. कँटीनमध्ये समोर येईल ते निमूट खायचे. मला ते बघवेना.

मग एका रविवारी ते आमच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा फणा. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पाणी पिऊन झालं, तरी उठेनात.

"अक्का, यजमानांना विचारून बघा," शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले. "महिन्यातून एक डाव माझी पाठ बघतील काय?"

माझा नवरा विनय, त्याला घरात मिठाचा डबा सापडत नाही. त्यानं खिडकीपाशी स्टूल ठेवलं, चष्मा पुसला आणि अण्णांना बसवलं. मी स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला, तो उकळून आला. मग विनयचा आवाज आला, "अण्णा, काही नाही. पाठ एकदम स्वच्छ आहे."

माझा जीव भांड्यात पडला. आता शर्ट घालतील म्हणून मी चहाचे कप घेऊन दाराशी आले. अण्णा तसेच बसले होते, उघड्या पाठीनं, डोळे मिटून. विनयचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता.

"तुम्हाला घाई नसंल तर," ते म्हणाले, "आणखी एकदा बघा."

विनयनं स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली. मी कप घेऊन परत आत गेले.