बकारामजींचा पाहुणचार

आमच्या शेजारचे बकारामजी रोज सकाळी अंगणाच्या मधोमध उभे राहत, उजवा पाय पुढे करत आणि वाट पाहत. समोर कोणीही नसे. फार तर एखादी कोंबडी. तिच्याकडे पाहून ते अदबीने म्हणत, "या. हा पाय तुमचा." मग गुडघ्यांत वाकून झुलू लागत. एक पाऊल पुढे, ते मागे, मग दुसरे पुढे. हात असे सैल हलत की जणू ते खांद्यावर वाळत घातले आहेत. मधूनच "इक्" आणि "एक्" असे दोन आवाज पोटातून काढत आणि तळपायाने हवेला ढकलत.

आमच्या सिहोऱ्यात माणूस सकाळी अंगणात उभा राहतो तो दात घासायला, नाहीतर भांडायला. तेव्हा हे दृश्य संशय यावा असेच होते. त्यातून शेजारी आम्ही. मला लहानाचे मोठे करणारी माझी आत्याबाई दूध पाहायच्या आधी गवळ्याचा चेहरा पाहायची. मी गावच्या शाळेत मास्तर, म्हणजे मला संशय घेण्याचा पगारच मिळत होता.

पहिला संशय दंडारीचा आला. धान घरात आले की आमच्याकडे गावोगावी दंडारी उभ्या राहतात. सोंगे, नाच, गाणी. आत्याबाईने निकाल दिला, "हा बुढा यंदा बाईचं सोंग घेते पाह्य. कंबर पाह्यली का कशी हालवते?" दंडारीचे दिवस आले आणि गेले. बकारामजी पुढच्या रांगेत पोत्यावर बसून शेंगा खात होते.

दुसरा संशय अंगात येण्याचा. पण अंगात आलेला माणूस मधेच थांबून कोंबडीला "सरक ना बा" म्हणत नाही, आणि संपल्यावर चहात साखर कमी असल्याची तक्रारही करत नाही. तिसरा संशय माझा स्वतःचा होता, आणि मला त्याचा अभिमान होता: त्यांचा भावाशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद असणार आणि हे लाथेची तयारी करत असणार. चौकशी केली तर भावाशी त्यांचे उत्तम होते. मला ते जास्तच संशयास्पद वाटले.

शेवटी एकदा कुंपणावरून विचारलेच. "बकारामजी, हे नेमकं काय चालतं तुमचं?"

ते झुलता झुलता थांबले नाहीत. "तेक्क्यॉन."

"काय?"

"कोरियाची कला होय गुर्जी. लई जुनी. आपल्याकडे कुस्ती, तशी त्यायची हे."

मग कळले ते असे. तरुणपणी ते फौजेत होते, जखमींची सेवा करणाऱ्या तुकडीत. कोरियात लढाई चालू असताना ती तुकडी तिकडे गेली. तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात पाणी भरायला एक म्हातारा कोरियन यायचा. तो रिकाम्या वेळी बर्फात असा झुलायचा. बकारामजी त्याला थंडी वाजते समजून घोंगडे द्यायला गेले आणि ही कला घेऊन आले.

"म्हणजे मारामारीचीच ना?"

"हो. पन पहिले पाय द्या लागते."

"कोणाला?"

"समोरच्याले. आपला एक पाय त्याच्यापुढं ठेवाचा, घे बा, मार म्हनाचं. थोही तसाच ठेवते. नाई ठेवला तं खेळच नाई. पाहुणचार म्हनतेत थे त्याले." हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा पंगतीत वाढणाऱ्या यजमानासारखा व्हायचा.

मी घरी येऊन सांगितले. आत्याबाई विचारात पडली. म्हणाली, "पाहुना बलवाचा आन् लात माराची. कोनता मुलुख होय बा हा?"

तेव्हापासून गावात त्यांचे नाव कोरियाजी पडले. पुढे तुमसरच्या टॉकीजमध्ये हाणामारीचा एक पिक्चर लागला, तो पाहून आलेली चार-दोन पोरे त्यांच्याकडे शिकायला गेली. म्हणाली, हाताने छपराचे कवेलू फोडून दाखवा.

"कवेलू कायले फोडता? पावसाळा येऊन राहिला," कोरियाजी म्हणाले, आणि त्यांना ओळीने उभे करून झुलायला लावले. वर एकमेकांना पाय द्यायला सांगितले. पोरांना पाय द्यायचा नव्हता, घालायचा होता. ती आठवड्याच्या आत पांगली आणि अंगणात पुन्हा बकारामजी आणि कोंबडी उरली.

इथपर्यंत आमचा संशय खेळीमेळीचा होता. मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका दुपारी त्यांची बायको गिरजाबाई शेतातल्या बांधीतून घरी आली, पाटावर बसली आणि उठलीच नाही. डावे अंग लुळे पडले होते. लकवा. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परत आणली तेव्हा वाचा ठीक होती, हातही थोडा हलत होता. पाय मात्र पोत्यासारखा ओढावा लागायचा. मूलबाळ नव्हते. घरात दोघेच.

बकारामजींचे अंगण त्यानंतर रिकामे झाले. सकाळी त्यांचे दार आतून बंद. आणि बंद दारामागून आवाज येऊ लागले.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. "इक्", "एक्" हे ओळखीचे होते. पण त्यानंतर यायचे ते "धप". मग गिरजाबाईचा रडवा आवाज: "माफ करा जी. पाप लागंल मले." मग थोडी शांतता, आणि पुन्हा "धप".

आत्याबाईने पितळेचा पेला भिंतीला लावला, पेल्याला कान लावला आणि माझ्याकडे असे पाहिले की मी पेजेची वाटी खाली ठेवली. "मारते गा तो तिले. लुल्या बाईले. लाताईनं."

माझा विश्वास बसेना, म्हणून मीही पेला लावला. आमच्या घरातल्या पेल्यांचा पाणी पिण्यासाठी उपयोग होणे त्या दिवसांत बंदच झाले होते. धप. माफ करा. धप.

त्यात बकारामजी लंगडू लागले. विहिरीवर भेटले तेव्हा उजवी मांडी चोळत होते. "काय झालं पायाला?" मी विचारले.

"काई नाई. पाहुणचार," ते म्हणाले आणि चक्क हसले.

हे हसू मला भयंकर वाटले. आत्याबाईचे उत्तर तयार होते, "मारून मारून त्याचाच पाय दुखून आला." ती गिरजाबाईला भेटायलाही गेली. गिरजाबाईने चहा विचारला, पण नवरा मारतो का म्हटल्यावर पदर तोंडावर घेतला. मग आत्याबाईने लाखांदूरकडे जाणाऱ्या एका बैलव्यापाऱ्याबरोबर दिघोरीला निरोप धाडला. दिघोरी गिरजाबाईचे माहेर. तिचा थोरला भाऊ नत्थूजी निरोप मिळाल्या मिळाल्या निघाला, तुमसरपर्यंत एसटीने आणि पुढे भाड्याच्या बैलबंडीने.

नत्थूजी मोठा माणूस. बकारामजींच्या दारातून आत येताना तो वाकला तरी दार लहान वाटायचे. आम्ही दोघे साक्षीला म्हणून मागोमाग गेलो. मी आत्याबाईच्या मागे उभा राहिलो, साक्ष तिथूनही चांगली दिसते म्हणून.

"बाईले घेऊन चाललो मी," नत्थूजी म्हणाला. "तिची पेटी काढा."

बकारामजी घरापुढच्या छपरीत उभे होते. "काहून?"

"तुमाले मालूम हाय काहून."

बकारामजींनी एकदा बायकोकडे पाहिले. ती खाटेवर बसली होती, आणि मान हलवून त्यांना नाही-नाही करत होती. ते खाली पाहू लागले. ते नाही म्हणतील, चिडतील, निदान ते दोन आवाज काढतील असे मला वाटले होते. ते आत गेले, तिची पत्र्याची पेटी घेऊन आले आणि बंडीत ठेवली. ठेवताना खाली थोडा पेंढा सारला, पेटी खडखडू नये म्हणून.

"अहो, काही तरी सांगा ना," मी हळूच म्हटले.

"थो माह्या बोलाचा विषय नाई गुर्जी." मग नत्थूजीला म्हणाले, "तिले सकाळी उठवलं का पहिले पाय गरम पान्यानं शेका लागते. आन् खाटेवर बसू देऊ नका लई येळ. इसरू नका." त्यांचा आवाज दवाखान्यातल्या माणसाचा होता, पण हात धोतराच्या सोग्याशी काहीतरी करत होते.

नत्थूजी बहिणीला उचलायला वाकला. तिने त्याचा हात बाजूला केला. छपरीच्या खांबाला उजव्या हाताने धरून ती स्वतः उभी राहिली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. उभी राहिल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "पाहुणचार करा."

"लोकं हायत," बकारामजी म्हणाले.

"राहू द्या. करा म्हनते ना."

बकारामजी तिच्यासमोर आले. उजवा पाय पुढे ठेवला. "या," ते म्हणाले, "हा पाय तुमचा." आणि संथ झुलू लागले. "इक्..."

खांब धरून तीही झुलली. "एक्," ती पुटपुटली, आणि तो पोत्यासारखा डावा पाय जमिनीवरून सुटला. तळवा नवऱ्याच्या मांडीवर बसला. धप.

लगेच तिचा चेहरा रडवेला झाला. "माफ करा जी," ती म्हणाली आणि खांबावरून हात सरकवत, कण्हत, पार खाली वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. बकारामजींनी तिच्या डाव्या कोपराखाली हात घालून तिला हलकेच वर घेतले.



"हे काय होय?" नत्थूजीने विचारले.

"रोजचं हाय," गिरजाबाई म्हणाली. तिला दम लागला होता. "नवऱ्याले लात मारून राहिली तुही बहीन. जा, सांग दिघोरीले. मीच त्यायले शपथ घातली होती, कोनाले सांगू नका म्हनून. पाप होय ना थे. म्हनून दर लातेले पाया पडते मी."

"थे बेस हाय," बकारामजी घाईने म्हणाले. "लातेनं मांडी सुधरते आन् पाया पडल्यानं कंबर. कोरियात थे नोयतं. थे तिनं काढलं." मग धोतर जरा वर करून त्यांनी मांडी दाखवली. ती निळीकाळी होती. "पहिले तं कळेच ना का लागली म्हनून. आता लागते. आज बेस लागली."

असे कौतुक मी शाळेत पहिल्या आलेल्या पोराच्या बापाच्या तोंडावरही पाहिलेले नाही.

नत्थूजी बाहेर गेला. बंडीतली पेटी खांद्यावर घेऊन परत आला, छपरीत ठेवली आणि पागोटे काढून बहिणीपुढे उभा राहिला. एवढा मोठा माणूस, त्याने आपला पाय पुढे केला. "मले बी मारून पाह्य ना गे एक."

तिने मारली. त्याच्याही पाया पडली. तो मात्र तिला उठवायचे विसरला, कारण तो डोळे पुसत होता. घरी येताना आत्याबाई मला म्हणाली, "मले तं पहिलेपासूनच वाटत होतं." काय वाटत होते ते तिने सांगितले नाही. पेला मात्र घासून पुन्हा पाण्याच्या घागरीवर ठेवला.

त्यानंतर दार बंद राहिले नाही. गिरजाबाई काठीने तलावापर्यंत जाऊ लागली, रोवणीला धुऱ्यावर बसून बायांवर ओरडू लागली. अशी बरीच वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात, धान कापणीला आलेले असताना, ती तापाने गेली. पाय शेवटपर्यंत चालत होता.

तेराव्यानंतर काही दिवसांनी सकाळी पाहिले तर बकारामजी अंगणात उभे. उजवा पाय पुढे केलेला. झुलत नव्हते, आवाज काढत नव्हते. नुसते पाय देऊन उभे. कोंबडी येऊन गेली, तिलाही काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. आमची आत्याबाई तेव्हा खूप थकली होती, खिडकीतून बघत म्हणाली, "जा ना गा. तू तरी मारून ये एक."

मी कुंपण ओलांडून गेलो. पोट सुटलेला, गुडघे दुखणारा मास्तर. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "या गुर्जी. हा पाय तुमचा."

मी पाय उचलला. तो त्यांच्या मांडीपर्यंत जेमतेम पोचला आणि तेवढ्यात माझाच तोल गेला.

"हलकी हाय," ते म्हणाले.

वडील माणसाला पाय लागला होता, म्हणून मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तेवढ्यात माझ्या डाव्या कोपराखाली त्यांचा हात आला. सावकाश, बेताने, ज्याला आपण होऊन उठता येत नाही अशा माणसाला उठवतात तसा.

मला उठता येत होते. पण मी सगळा भार त्या हातावर टाकला.