दोन खिडक्यांचा अर्ज

आमचे शेजारी नेने काका चहाला आले की आधी खिशातून टेप काढून आमचा हॉल मोजतात. मग पंखा, खिडक्या बघून निकाल देतात, "अकरा कैदी मावतील. पण कुणाला कुशीवर वळता येणार नाही."

पहिल्यांदा हे ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. कोलकात्याला बदली झाल्यावर शेजारी मराठी माणूस मिळाला म्हणून मी खूश, आणि तो निघाला हा असा. काका बांधकाम कंपनीतले निवृत्त इंजिनिअर, घरी एकटेच. वकील नाहीत, समाजसेवक नाहीत. तरी चार वर्षं तुरुंग खात्याकडे अर्ज चालू होते. काय, तर एका जिल्हा तुरुंगातल्या बराकीला आणखी दोन खिडक्या पाडा. माझं तर डोकंच चालेना.

अखेर हावड्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. "तू चल गं," काका म्हणाले. "तुझं बंगाली निदान मासळीबाजारात चालतं. माझं ऐकून ते मलाच आत टाकतील."

तिथले साहेबही माझ्याइतकेच गोंधळले.

"आत तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तुम्हाला हवंय काय?"

"दोन खिडक्या. आणि एक नियम. बराकीच्या नकाशावर सही करणाऱ्याने आधी मे महिन्यातली एक दुपार तशाच बराकीत बसून काढायची. दार लावून."

साहेब हसले. "मग सही करणार कोण?"

"तेच म्हणतोय मी," काका शांतपणे म्हणाले.

खिडक्यांसाठी पाहणी करावी, असा शेरा साहेबांनी मारला. नियमापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

परतताना लाँचमध्ये मी वैतागून विचारलंच, "काका, पण तुम्हाला काय पडलंय एवढं?"

त्यांनी अर्जासोबतचा त्याच बराकीचा जुना नकाशा उलगडला. सहापैकी दोन खिडक्या लाल पेन्सिलीने खोडलेल्या. खाली सही त्यांचीच.

"वरून सांगितलं, भिंत भक्कम हवी. मी खोडल्या. काम झाल्यावर बघायला गेलो, तर एक म्हातारा कैदी आत चुना मारत होता. म्हणाला, 'साब, हवा किधर से आएगी?'"

"मग?"

काकांनी नकाशाची पुन्हा घडी घातली.

"म्हटलं, 'आ जाएगी.' आणि जेवायला निघून आलो."