सेतुमामांची किल्ली

आमच्या शेजारच्या सेतुमामांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पाय ठेवला की आधी किल्ली पिळावी लागे. कुलपाची नव्हे. एका ठोकळ्यात लाकडी खुंटी रोवलेली, तिच्यावर मामांनी स्वतः केलेली लांब मुठीची किल्ली आणि शेजारी थरथरणारा काटा. "आधी पिळा, मग बोला!" दूधवाला पिळायचा, वाणी पिळायचा, भटजीही पिळायचे आणि काटा कुठं गेला ते मामा गल्लीभर ऐकू जाईल असं वाचायचे. "काय भटजी, मागल्या खेपेपेक्षा कमी? यंदा श्राद्धं कमी जेवलात वाटतं!"

गल्ली म्हणजे तंजावरची, राजवाड्यामागची. तिनं निदान करून टाकलं होतं की नोकरी सुटल्यापासून माणसाचं डोकं फिरलंय. सासूबाई मला बजावायच्या, "जा शेजारी, पण बांगड्या सांभाळ."

मामांनी जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात बोल्ट आवळणाऱ्यांवर देखरेख केलेली. तिथल्या गोऱ्या साहेबापुढेही ते दबत नसत. "अंदाजानं आवळलेला बोल्ट आणि अंदाजानं जमवलेलं लग्न," म्हणायचे, "एक तर सैल, नाही तर तुटेपर्यंत घट्ट." घरातही तेच. कावेरीमामींना विचारायचे, सांबारात मीठ किती? मामी म्हणायच्या, हाताला येईल तेवढं. "अय्यय्यो! कुणाच्या हाताला? आकडा सांग, आकडा!" आणि मग तेच सांबार तीनदा वाढून घ्यायचे.

पण हे किल्लीचं खूळ शिरलं कसं, ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा मामींकडे वीणा शिकत होते.

मामींचा हात काय सांगू! पण वातानं बोटं सुजली. वाजवणं जमे, पण खुंट्या काही केल्या फिरत ना. खुंटी फिरली नाही तर तार सुरात कशी येणार? मी म्हटलं, "मामी, मी लावून देते की."

"दुसऱ्यानं लावलेली वीणा म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास," मामी म्हणाल्या. हात पदराखाली घेतले. "येत्या विजयादशमीला कुंभकोणच्या भाचीला देऊन टाकते. पोदुम. पुरे झालं."

मामा तिथंच कापी, म्हणजे आपली कॉफी, पीत होते. पेला अर्धा टाकून उठले. सेतुमामा कापी टाकतात म्हणजे ताप भरला असणार, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून मामींची किंकाळी! धावत गेले तर वीणेच्या सगळ्या तारा सैल पडून लोंबतायत. आमच्या या रेल्वेवाल्यानं पहाटे उठून खुंट्यांना एरंडेल घातलं होतं! अडकलं की तेल, एवढंच त्यांना माहीत. खुंटी नुसत्या घर्षणावर उभी असते, तेल लागलं की ती तारेला धरणार कशी? "अहो, इंजिन आहे का हे?" मामी रागावल्या, मग हसायला लागल्या, मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मामा बिचारे फडकं आणि खडूची पूड घेऊन दिवसभर खुंट्या पुसत बसले.

तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. वीणा करणारा मुरुगेस आसारी म्हणाला, खुंटी हलकी फिरेल अशी करीन, पण किती हलकी? फार हलकी केली तर तार सुटणार. "हाताला कळतं, सामी," म्हणाला. मामांनी कपाळावर हात मारला. पुन्हा हात! खुंटीला किती पीळ लागतो ते मोजणारं काहीतरी हवंच.

पहिली किल्ली केली ती पितळेची. तिच्यात स्प्रिंगा, दाती चाकं, डाग दिलेले सांधे, काय नव्हतं ते विचारा! दिसायला लग्नातली समई. पण सकाळी एक सांगे, उन्हं तापली की दुसरंच. आसारीसाठी तश्शीच आणखी एक केली, तर दोघींचं एकमेकींशी पटेना. आसारी म्हणाला, "सामी, हिच्यापेक्षा माझी बायको खरं बोलते."

मामा रुसले. जेवले नाहीत, म्हणजे तीनदा वाढून घेतलं नाही. मग एके दुपारी सगळं पितळ टोपलीत फेकलं आणि जुन्या करवतीच्या पात्याची एक पट्टी कापली. पट्टीच्या एका टोकाला मूठ, दुसरं टोक खुंटीवर. पिळलं की पट्टी जराशी मुरडते. बाजूचा काटा फक्त खुंटीकडच्या टोकाला जोडलेला, तो सरळच राहतो, आणि मुठीवरची आकड्यांची पाटी त्याच्यापुढून सरकते. झालं! सांधा नाही, चाक नाही, कुठल्याही लोहारानं करावी. दुसरी केली, तिचाही आकडा तोच. तिसरीचाही तोच! मामा अनवाणी आमच्या घरात घुसले. सासरे संध्येला बसले होते, त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "जितके तुकडे जास्त तितकं खोटं जास्त!"

आता मामींची बोटं किती पीळ देऊ शकतात, तेवढं कळायला हवं होतं. पण मामींना म्हणायचं कसं, की तुझ्या दुखऱ्या बोटांत किती जोर उरलाय ते दाखव? म्हणून या माणसानं सगळी गल्ली तिण्णैवर आणून पिळली. हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मीही हसतच होते.

नवरात्र तोंडावर आलं. एका संध्याकाळी मामी कापी घेऊन बाहेर आल्या आणि वैतागून म्हणाल्या, "दूधवाल्याचं मोजलंत, वाण्याचं मोजलंत, मीच तेवढी परकी होय?" पेला ठेवला आणि किल्ली पिळली. तोंड वाकडं झालं, पण पिळली.

तेवढा एकच आकडा मामांनी मोठ्यानं वाचला नाही. काटा जिथं थांबला तिथं नखानं खूण केली, "छान," म्हणाले, आणि चपला घालून तडक आसारीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस हसले त्याची लाज वाटली, खोटं कशाला सांगू!

आसारीनं नव्या खुंट्या केल्या. तार गुंडाळते तिथं बारीक, बोटं धरतात तिथं रुंद. तासायच्या, किल्ली लावायची, पुन्हा तासायच्या. काटा खुणेच्या अलीकडे थांबेपर्यंत मामांनी त्याला सोडलं नाही. नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्यांपुढे सरस्वतीपूजेला वीणा मांडली, तेव्हा खुंट्या बसल्या होत्या. पण पूजेतल्या वाद्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. त्यामुळे जमलंय की नाही, कुणालाच ठाऊक नाही. कुंभकोणची भाची मात्र येऊन बसली होती.

विजयादशमीच्या सकाळी मामींनी वीणा मांडीवर घेतली. मामा घरात नव्हतेच. पाहते तर तिण्णैवर, भिंतीला पाठ लावून बसलेले.

"मामा, आत चला ना ऐकायला!"

"मला काय कळतंय त्यातलं, पोरी? राग कळत नाही, ताल कळत नाही. चाळीस वर्षं झाली, अजून एका रागापासून दुसरा ओळखता येत नाही." डोळे मिटले. "पण ती वीणा लावते ना, ते कळतं. तार चढत जाते, चढत जाते, आणि एका जागी तुझी मामी 'हं' म्हणते. एवढं एक कळतं मला. मी कारखान्यातून दमून यायचो आणि दाराबाहेर ते ऐकत उभा राहायचो. दोन वर्षं झाली, घरात कुणी 'हं' म्हटलेलं नाही."

आत तार कुरकुरली. घसरली. पुन्हा चढू लागली, हळूहळू, आणि थांबली.

"हं," मामी म्हणाल्या.

मी टाळ्या पिटणार, तोच मामांनी डोळे न उघडताच माझा हात धरला.

"गप्प," म्हणाले. "अजून सहा तारा आहेत."