निळ्या फुलांचा अंगुस्ताना

"अहो, नवा अंगुस्ताना घरात यायच्या आधी या टोपलीतल्या कपड्यांना बटणं लागली पाहिजेत."

काकूंचं हे वाक्य चष्मेकाकांना हल्ली आपल्या चष्म्यांच्या दुकानात, रस्त्यात, आंघोळ करतानाही ऐकू यायचं. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ती टोपी म्हणजे अंगुस्ताना. काकांच्या काचेच्या कपाटात चांदीचे, पितळेचे, शिंगाचे अंगुस्ताने ओळीने मांडलेले होते. सुईत दोरा मात्र त्यांनी जन्मात ओवला नव्हता. काकूंचा खांदा धरल्यापासून बटणं तुटलेले कपडे टोपलीत साठत होते आणि काका म्हणत होते, "लावतो गं. शब्द दिला ना!"

शब्द देऊन आठवडा उलटला नाही तोच त्यांनी परदेशातल्या एका बाईंकडून निळ्या फुलांचा, चिनी मातीचा अंगुस्ताना मागवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचं सीमाशुल्क हा अनुभव आधीचा होताच. म्हणून बाईंना विनवून पाकिटावर 'भेट' असं लिहायला लावलं. पत्ता आठवणीने दुकानाचा दिला. फोन नंबर मात्र सवयीने घरचा पडला.

त्यामुळे कस्टमच्या कचेरीचा फोन काकूंनी घेतला.

"परदेशातल्या कुणा बाईंनी तुम्हाला भेट पाठवलीये म्हणे," जेवायला वाढताना त्या म्हणाल्या. "'सप्रेम' असंही लिहिलंय. नातं सांगायला उद्या बोलावलंय."

"असेल कुणी जुनं गिऱ्हाईक."

"मग मीही येते. ओळख होईल."

काका पेचात सापडले. भेट म्हणावं तर ही बाई कोण? खरेदी म्हणावं तर शब्द मोडला. सकाळी त्यांनी दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि एका आजोबांच्या हाती दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. आजोबा बिचारे भिंत चाचपत परत आले.

कचेरीतल्या खिडकीमागचे साहेब शांत होते. त्याचीच काकांना जास्त धास्ती वाटली.

"या बाई तुमच्या कोण?"

"मावशी," काका बोलून गेले.

"कुठली?" हे काकूंनी विचारलं.

"लांबची."

"तुमच्या लांबच्यासुद्धा मला पाठ आहेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. काकांनी एकदा साहेबांकडे, एकदा काकूंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "खरेदी आहे."

"बरं. मग शोभेची की वापराची? वापराची असेल तर शुल्क भरा आणि घेऊन जा. शोभेची वस्तू भेट म्हणून लपवून आणलेली असेल, तर पाकीट परत जाईल."

"वापराची," काका पुटपुटले.

"घरात शिवतं कोण?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू रोज सकाळी डोळे मिटून एकच नेम घ्यायच्या: आज खोटं बोलायचं नाही. त्यांच्या या नेमामुळे शेजारणी त्यांना आपल्या नव्या पडद्यांबद्दल कधी विचारत नसत. निळी फुलं आल्या वाटेने परत जाणार, हे काकांना स्पष्ट दिसलं.

"हे शिवणार आहेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "टोपलीभर कपडे पडलेत. सगळी बटणं हेच लावतील, हाच अंगुस्ताना घालून."

"कधी?"

"आज."

साहेबांनी शिक्का मारला.

शुल्क भरून बाहेर आल्यावर काकांनी दबक्या आवाजात विचारलं, "तू चक्क खोटं बोललीस?"

"मी कशाला खोटं बोलू? दिवस अजून मावळलेला नाही."

"अगं, नाजूक आहे तो. सुईचे ओरखडे पडतील."

"पडू देत. वापराची वस्तू आहे ना?"

काकांनी पाकीट खिशात जपून ठेवलं. मग न राहवून म्हणाले, "आणि त्या बाईंचं काही विचारलं नाहीस?"

"आत काय आहे ते फोनवरच कळलं होतं मला. प्रेमात पडलेली बाई पुरुषाला अंगुस्ताना पाठवत नाही."

घरी आल्यावर काकांनी कपाटाकडे पाहिलं. नव्या अंगुस्तान्यासाठी तिथे मधोमध जागा करून ठेवलेली होती. काकू आत निघून गेल्या. आपला दुखरा खांदा धरूनच गेल्या.

अंगुस्ताना काकांच्या करंगळीवरच काय तो बसला. खिडकीतलं ऊन अजून टोपलीवर होतं. त्यांनी कपाट लावून घेतलं, जवळचा चष्मा चढवला, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि टोपलीतला सगळ्यात वरचा सदरा मांडीवर घेतला.