बाबांचा दमा

घरात दमा होता तो बाबांना, यात कुणालाच शंका नव्हती. गेली वीस वर्षं खिडकीजवळची खुर्ची त्यांची, पंखा त्यांच्या दिशेने, आणि चार जिने चढून पिशव्या आणायचं काम आईचं. बाबांनी छातीवर नुसता हात ठेवला, तरी आई हातातलं काम टाकून त्यांची पाठ चोळायला येई.

त्यामुळे लेकीला प्रबंधासाठी एक निरोगी आणि एक आजारी श्वासमार्ग हवा झाला, तेव्हा तिला दारोदार फिरावं लागलं नाही. दोघांचे स्कॅन काढले. नियमाप्रमाणे फायलींवर नावं नव्हती, नुसते आकडे. आईच्या फायलीवर लेकीने ‘निरोगी’ लिहिलं, बाबांच्या फायलीवर ‘आजारी’. आधी नळीत फुंकायला लावून श्वास मोजायचा असतो, ते तिने केलंच नाही. घरच्या माणसांचं काय मोजायचं?

मग संगणकात दोघांच्या श्वासनळ्या नाकापासून फुप्फुसापर्यंत उभ्या करायच्या, त्यांत आकड्यांची हवा सोडायची आणि ती कुठे अडते ते पाहायचं. आठ दिवस संगणक घरघरला आणि उत्तर आलं ते उफराटं. आजारी नळ्यांतून हवा सुळकन गेली, निरोगी नळ्यांत अडखळली. लेकीने सगळी समीकरणं पुन्हा तपासली, आणखी आठ दिवस घालवले. उत्तर तेच. सादरीकरण दोन दिवसांवर आलेलं, आणि ते फसलं तर वर्षभराचं काम पाण्यात जाणार होतं.

मार्गदर्शक बाईंनी पडद्यावर एक नजर टाकली. "लेबलांची अदलाबदल झालीय तुझ्याकडून. बदल आणि शांत झोप."

लेकीने लेबलं बदलली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सादरीकरणाला आईबाबा पहिल्या रांगेत होते. लिफ्ट बंद असल्यामुळे तीन जिने चढावे लागले; बाबांचा कोट, छत्री आणि पाण्याची बाटली अर्थातच आईकडे होती. लेक रंगात आली. "हा निरोगी श्वासमार्ग," म्हणत तिने चित्र गर्रकन फिरवलं आणि पडद्यावर भिंतीएवढं नाक आलं, मधे बाक असलेलं, टोकाशी खाली वाकलेलं.

"अगं, हे तर माझं नाक," बाबा कौतुकाने बोलून गेले.

सभागृह हसलं, मार्गदर्शक बाईही हसल्या. लेकीला मात्र हसू आलं नाही. तिने दुसरं चित्र पाहिलं, मग पहिल्या रांगेत पाहिलं. जिने चढून वीस मिनिटं झाली होती आणि आईचा श्वास अजून जागेवर आला नव्हता.

"आई, तुला दम लागतो?" तिने माइकवरूनच विचारलं.

"लागतो की," आई म्हणाली. "पण घरात एकाला आधीच होता ना. दोघंही बसलो असतो तर सामान कुणी आणलं असतं?"

बाबांनी मान खाली घातली. आपला दमा कधीच गेलाय हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण तो गेल्याचं सांगितलं असतं, तर पाठ चोळणंही गेलं असतं, आणि ते काही त्यांना सोडवत नव्हतं.

लेकीचं काम तरलं, लेबलंही पुन्हा बदलावी लागली नाहीत. आईला डॉक्टरांनी औषध दिलं आणि महिन्याभरात तिला चांगलाच आराम पडला. खिडकीजवळची खुर्ची आता तिची आणि पिशव्या बाबांच्या. परवा तिसऱ्या मजल्यावर बाबा सवयीने थांबले, पण छातीवर ठेवायला हात मोकळा नव्हता. मुकाट्याने वर आले, पिशव्या ठेवल्या.

आईला त्या दिवशी काहीही होत नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला.