फक्त जाण्याचं तिकीट

व्याह्यांशी बोलायचं ते त्यांच्याच भाषेत, असं तिकीटबाबूंनी घरात जाहीर करून टाकलं. लेकीनं परदेशात स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं होतं, आणि येत्या रविवारी दोन्हीकडचे आईबाप व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा भेटणार होते. "मी सांगेन की समजावून," असं लेक म्हणाली होती. पण मुलीच्या बापानं तोंडाला कुलूप लावून बसायचं म्हणजे काय?

फ्रेंचचं पुस्तक आलं. पहिला धडा नाव-गाव, दुसरा खुशाली. हे तर पोरंसोरंही बोलतील, म्हणून बाबूंनी थेट सातवा उघडला: प्रवासाचे बेत. चौतीस वर्षं तिकीटखिडकीत बसलेला माणूस. तिकीट, गाडी, सामान म्हटलं की त्यांना माहेरी आल्यासारखं वाटायचं. स्वतः मात्र ते कधी कुठे गेले नाहीत. परक्या गादीवर झोप लागत नाही, हे एकच कारण त्यांना जन्मभर पुरलं. बायकोनं दर उन्हाळ्यात समुद्राचा विषय काढला आणि दर उन्हाळ्यात गादी आडवी आली. लेकीच्या जूनमधल्या लग्नालाही ते पडद्यावरूनच अक्षता टाकणार होते.

दहा दिवस बाबू येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं घोकत होते. बायको आत भाजी निवडत होती.

रविवारी व्याही, विहीणबाई आणि त्यांच्या शेजारी बसलेली लेक असे तिघं पडद्यावर आले. व्याह्यांनी हसून काहीतरी विचारलं. बहुधा तब्येत, म्हणजे दुसरा धडा. बाबूंनी घसा खाकरला आणि सातव्यातलं ठणठणीत वाक्य फेकलं, "आम्ही बारा जूनला येणार आहोत."

व्याह्यांचा चेहरा उजळला. "किती दिवस राहणार?" हा प्रश्न नेमका धड्यातलाच निघाला.

"तीन आठवडे," बाबू म्हणाले. उत्तर बरोबर आल्याच्या खुशीत पुढचंही सुटलं, "आम्हाला समुद्र बघायचा आहे."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. विहीणबाई कॅलेंडर घेऊन आल्या. लेकीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, तुम्ही खरंच लग्नाला येणार? मी आशाच सोडली होती." एवढं बोलून ती होणाऱ्या नवऱ्याला सांगायला आत पळाली.

आता बाबूंना घाम फुटला. तोंडावर हात धरून ते बायकोला म्हणाले, "अगं, मी नुसता धडा म्हणत होतो. तू काहीतरी खाणाखुणा करून सांग ना त्यांना."

बायको पदर सावरून पुढे सरकली आणि न अडखळता फ्रेंचमध्ये बोलू लागली. बाबूंना शब्दन् शब्द कळला, कारण धडा त्यांचाच होता.

"मी बारा जूनला येणार आहे," ती म्हणाली. "यांचं अजून ठरलेलं नाही. मला एक तिकीट हवं. फक्त जाण्याचं."

व्याही पोट धरून हसू लागले.

"तू हे कधी शिकलीस?" बाबूंनी विचारलं.

"भाजी निवडताना. तुम्ही एवढे ओरडत होतात, कान का झाकून घेऊ? आणि चौतीस वर्षं जगाला तिकिटं दिलीत. मला एक तरी दिलंत का?"

बाबू पडद्याकडे वळले आणि पुन्हा सातव्या धड्यात शिरले. "दोन तिकिटं," बाबू पुटपुटले. "जाऊन-येऊन."

संध्याकाळी ते आठवा धडा उघडून बसले: मुक्कामाची खोली. खिडकी, चादर, टॉवेल, सगळं होतं. स्वतःची गादी सोबत आणली तर चालेल का, हे वाक्य मात्र त्यांना कुठेच सापडलं नाही.